ती धार टाकीची नव्हती, काका

सुखदेव काका, पहिले कबुली देतो, मंग बाकीच्या गमती. तुमी दवाखान्यातल्या पलंगावर पडून फोनवर जी पेट्रोलची धार ऐकली ना, ती टाकीची नव्हती. माह्या तोंडाची होती. चारही वेळा. तुमी "बरं" म्हणलं, फोन ठेवला अन् तिसऱ्या दिवशी गेले.

हे तुमाले तोंडानं सांगाव म्हणून मी लय तालीम केली. गाडीवर म्हणून पाहिलं, आंघोळ करता करता म्हणून पाहिलं. एक डाव तुमच्याच आवाजात म्हणून पाहिलं, तर असं वाटलं का तुमीच मले पकडलं. म्हणून आता लिहून राहिलो. लिहिताना आवाज बदलता येत नाही, हे एक बरं आहे.

तुमी म्हणसान, "टेप, मांग घे. सुरुवातीपासून वाजव." टेप हे नाव तुमीच ठेवलं. माहं नाव मंगेश आहे, हे अर्ध्या गिऱ्हाइकांले तुमच्या मयतीत समजलं.

तर सुरुवातीपासून.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. मी भातकुलीवरून आयटीआय करून अकोल्याले काम धुंडून राहिलो होतो, अन् माही गाडी दर आठ-दहा किलोमीटरवर बंद पडून राहिली होती. ढकलत ढकलत बायपासजवळच्या तुमच्या दुकानावर आणली, तर तथी आधीच सात-आठ गाड्या लागलेल्या. सगळ्यांच्या टाकीवर हळदकुंकू, हॅन्डलले झेंडूचा हार, मीटरमधात आपट्याचं पान खोचलेलं. माह्या गाडीवर तर माह्या मायनं स्वस्तिक काढून वर तांदूळ बी चिकटवले होते. तुमी आदल्या दिवशी नागपूरले जाऊन आलते. डोळ्यात झोप होती, पण दुकान सकाळीच उघडं होतं. नंतर मले कळलं का दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमी कधीच सुट्टी घेत नाही.

बाकीच्यांले तुमी काहीच इचारलं नाही. माह्याकडं मात्र पाहून म्हणलं, "बंद पडताना कशी करते?"

"कशी म्हणजे?"

"म्हणजे आवाज कसा करते?"

मले तर एवढंच पायजे होतं. मी करून दाखवलं. पहिले नीट फटफट, मंग घसा बसल्यासारखी, मंग दोन उचक्या, मंग चूप. अन् टाकीचं झाकण उघडलं का फुस्स. रांगेतले लोकं हसले. तुमी नाही हसले. तुमी डोळे मिटून उजवा कान माह्याकडं केला, कारण डावा पत्रा ठोकू ठोकू कामातून गेलता, अन् म्हणलं, "पुन्हा कर. उचक्या दोन का तीन?"

"दोनच."

"मंग भोक पुरं नाही बुजलं. अर्धं बुजलं."

काकूची शिवणाची सुई तुमच्या खिशाले टोचलेली राहे. ती काढून तुमी झाकणाच्या बारक्या भोकातून ओलं कुंकू काढलं अन् तांदळाचा एक तुकडा काढला. मंग सगळ्या रांगेले एकदमच सांगतलं, जसे मास्तर वर्गाले सांगतात. "टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जाते, तेवढी हवा वरून आत आली पायजे. त्याच्यासाठी हे भोक. तुमी त्याच्यावरच टिळा लावता. आत हवा नाही गेली तर पेट्रोल खाली उतरन कसं?"

एक जण म्हणे, "म्हणजे काका, आमी पूजा नाही कराव का?"

"करा ना. भोक सोडून करा. टाकीचं कपाळ समोर आहे, तुमी टाळूवर काहून लावता?"

मी गाडीवर बसलो तवा तुमी म्हणलं, "काम पाहून राहिला ना? उद्यापासून ये. तुह्या तोंडात अर्धं दुकान आहे."

माह्या तोंडाले कोणी पहिल्यांदा चांगलं म्हणलं होतं, काका. शाळेत त्याच तोंडापायी मी सहावी ते दहावी वर्गाच्या बाहेर काढली. हेडसरांचा आवाज काढला, बाहेर. ग्रामपंचायतीच्या भोंग्याचा आवाज काढला, बाहेर. अन् तुमी त्याच तोंडावर मले कामाले ठेवलं.

मंग आपला धंदा कसा चाले, हे सांगतलं तर लोकांले खरं नाही वाटत. गिऱ्हाईक येऊन म्हणे, "काका, गाडी कशीतरीच करते." कशीतरीच म्हणजे कशी, हे त्याले काही सांगता नाही ये. मंग मी त्याची गाडी घेऊन चक्कर मारून येऊ, अन् येऊन तुमाले तिचा आवाज काढून दाखवू. तुमी ऐकून सांगा, "कॉकमधी कचरा आहे," नाहीतर, "टाकीले आतून गंज आला, धुवा लागते." डॉक्टर गळ्यात स्टेथोस्कोप ठेवतात, तुमी मले ठेवलं होतं.

तुमची नक्कल बी मी करत होतो. आता लपवण्यात काही अर्थ नाही, तुमी पकडलंच होतं. चहाच्या टपरीवर पोट्टे जमले होते अन् मी एका रिकाम्या टाकीले कान लावून, खालचा ओठ बाहेर काढून, बोटानं ठोकून म्हणून राहिलो होतो, "उंऽऽ. पाव लिटर कमी सांगून राहिला तू." सगळे एकदम माह्या मांग पाहाले लागले. मांग पाहिलं तर तुमी उभे. तुमी म्हणलं, "मधलं बोट पायजे. तू पहिल्या बोटानं ठोकून राहिला. पहिल्यानं आवाज बोथट येते." अन् चहा घेऊन चालले गेले.

आपल्या भांडणाचा मात्र निकाल लागला नाही. मी म्हणू, "काका, आता नव्या गाड्यांच्या टाकीतच पंप असते. तुमचा उतार, तुमची वाटी, काहीच नाही लागत. पंप पेट्रोल ओढून घेते."

"कुठून ओढते?"

"टाकीतून."

"अन् पंपाच्या तोंडापाशी पेट्रोल नसलं तर?"

"तर... नसन कसं?"

"उतारावर गाडी असली का टाकीतलं सारं समोर जाते. तुहा पंप हवा ओढीन अन् तू गाडी ओढशीन."

पोट्टे हसत, अन् मी रागानं म्हणू का तुमी जुन्या जमान्यातले आहा. तुमी म्हणा, "मी जुना आहो, पेट्रोल जुनं नाही. ते आजबी खालीच वाहते." मी हरलो असं मले आजबी वाटत नाही. पंप चांगलाच असते, काका. पण वाटी बी पायजे, हे मी मानतो. आधी मानलं असतं तर हे लिहायची पाळीच आली नसती.

वाटी. हे वाचणाऱ्यांले सांगतो, तुमाले सांगायची गरज नाही. टाकीच्या बुडाले जिथून पेट्रोल बाहेर निघते, तिथं काका पत्रा ठोकून ठोकून वाटीसारखा खोल उतरवत. चार बोटं खोल. टाकीतलं शेवटचं पेट्रोल त्या वाटीत जमा होते. मंग गाडी चढावर असो का उतारावर, डावीकडं वाकवा का उजवीकडं, पेट्रोल तोंडापाशीच राहते, पळून जात नाही. बाकीचे मिस्त्री दोन बोटांवर भागवतात. कारण चार बोटं उतरवाचं म्हणजे अर्धा दिवस हळू हळू ठोका, मधात गरम करा, थंड होऊ द्या, पुन्हा ठोका. घाई केली का पत्रा फाटते.

अन् टाकी झाली का तिले झुला. लाकडाचा, दोन्ही बाजूनं कलणारा, तुमीच बनवलेला. त्याच्यावर टाकी बांधायची, आत फक्त अर्धा लिटर पेट्रोल टाकायचं, अन् चार बाजूनं कलवून पाहायची. चढ, डावी, उजवी, उतार. खाली तेलाचा रिकामा पिपा. तुमी टाकीकडं पाठ करून उभे राहा अन् पिप्यात पडणारी धार ऐका. मी एकदा इचारलं, पाहत काहून नाही. तुमी म्हणलं, "डोळ्याले धार दिसते. मधात तुटली तर ती कानाले समजते."

चारही बाजू नीट वाजल्या का तुमी म्हणा, "जाऊ दे." ते दोन शब्द आले का मंगच टाकी दुकानाच्या बाहेर जाये.

आता उज्ज्वलाताईची टाकी.

ताई पातूरकडल्या खेड्यांत नर्स. बापाची जुनी गाडी चालवते. त्या गाडीच्या टाकीचं बूड गंजून चाळणी झालं होतं, अन् तसबी ती टाकी तिच्यासाठी रुंदच होती, पाय जमिनीले टेकत नव्हते. अरुंद टाकी पायजे होती. मांग लसीचा डबा बांधलेला, अन् रस्ता सारा घाटाचा. तुमी तिले इचारलं, "ताई, उतार किती आहे?" ती म्हणे, "जाताना उतार, येताना चढ. उतारावर तीन वळणं लागतात." तुमी खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्यावर टाकी काढली. अरुंद टाकीत पेट्रोल उंच उभं राहते अन् उतारावर समोर लवकर पळते, म्हणून तुमी वाटीच्या बाजूले मोठ्या अक्षरात लिहिलं, "४ बोटं." अन् मले म्हणलं, "ही गाडी वळणावर बंद नाही पडली पायजे."

टाकीचं वरचं अंग तुमी बनवलं. मंग तुमची छाती दुखाले लागली. पोरगी अमरावतीले आहे म्हणून तुमाले तथीच भरती केलं. बूड माह्यावर आलं.

मी वाटी ठोकली, काका. दोन बोटांपर्यंत नीट ठोकली. तिथून पत्रा पातळ झाल्यासारखा वाटाले लागला. फाटन म्हणून थांबलो. अर्धी भीती होती, अर्धा आळस होता. तुमी आयुष्यभर टाक्या ठोकल्या अन् एकबी पत्रा तुमाले पातळ लागला नाही, मले पहिल्याच डावाले लागला. मी बूड टाकीले झाळून, डाग देऊन पक्कं करून टाकलं. झाळल्यावर वाटी आतून कोणाले दिसते?

ज्या दिवशी ताई टाकी घ्याले आली, त्याच दिवशी माह्या भातकुलीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. हेडसरांनं मले बोलावलं होतं. ज्यांनं मले पाच वर्षं वर्गाबाहेर उभं केलं, तेच म्हणे, "माजी विद्यार्थी म्हणून ये, मिमिक्री कर." मी नवा शर्ट घालून दुकानात आलतो. अन् तुमचा फोन आला.

"टाकी झाली?"

"झाली काका."

"झुला दे. फोन पिप्यापाशी धर, मले ऐकव."

टाकीत तवा थेंबभर पेट्रोल नव्हतं. झुला काढा, टाकी बांधा, चार बाजू करा, म्हणजे तास-दीड तास. शर्टाले पेट्रोलचा वास लागन तो वेगळाच. मी म्हणलं, "एक मिनिट, लावतो." अन् पिपा उचलून त्याच्यात तोंड घातलं, फोनसकट. घुमारा पायजे ना. पिप्याशिवाय धार खरी वाटली नसती, कामात मी पक्का आहो.

"चढ लावला, काका." अन् धार सोडली. तुमी ऐकलं. "डावी." सोडली. "उजवी." सोडली. "आता उतार लाव. अन् जास्त वेळ सोड." मी जास्त वेळ सोडली. तिकून तुमाले खोकल्यासारखं काहीतरी आलं. मी पिप्यातूनच इचारलं, "काका, बरं आहे ना?" तुमी म्हणलं, "बरं." मंग म्हणलं, "द्यायची केवा, ते तू पाहा आता."

"जाऊ दे" नाही म्हणलं तुमी. अन् मी काय समजलो? का काकानं आता दुकान माह्या हवाली केलं. छाती फुगली माही. पिप्यातून तोंड काढलं तर उज्ज्वलाताई बाकावर बसून माह्याकडंच पाहून राहिली होती.

"पिप्यात काय धुंडून राहिले होते?"

"आवाज चेक करून राहिलो होतो, ताई."

हे तर खोटं बी नव्हतं. टाकी बसवून दिली. ताई गेली. मी भातकुलीच्या रस्त्याले लागलो.

बडनेऱ्यावरून मी आत वळलो. तुमचा दवाखाना तथून सरळ, थोडासाच समोर होता. मी थांबलो बी होतो वळणावर, एक पाय खाली टेकवून. मंग म्हणलं उद्या येऊ. कार्यक्रम मस्त झाला. कंडक्टर काढला, हेडसर काढले, बंद पडणारी गाडी काढली. सगळ्यात जास्त लोकं तुमच्या नकलेवर हसले. मधल्या बोटानं ठोकलं, तुमी सांगतलं तसं. तुमाले पाहाले यायच्या ऐवजी मी तुमची नक्कल कराले गेलतो, काका. हे कोणालेच सांगतलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुमच्या पोरीचा फोन आला.

मयतीत मी एक शब्द नाही बोललो. लोकं म्हणे, पोट्ट्याले धक्का बसला. धक्का होताच. पण बोलाले तोंड उघडाव तर मले वाटे का त्याच्यातून आता धारच निघन.

टाकी दिल्याच्या पाचव्या दिवशी दुकान उघडलं. झाडू मारता मारता तो पिपा हातात आला. काय वाटलं काय माहीत, त्याच्यात नाक घातलं. पेट्रोलचा वासच नव्हता. तुमी होते तवा तो पिपा कधी कोरडा नाही राहिला. तसाच शटर ओढलं अन् पातूरकडं निघालो. रस्त्यानं एकच गोष्ट डोक्यात. मधात काही झालं असन तर मले कोण सांगीन? मी तर तिले माहा नंबरबी नव्हता दिला.

ताई क्वार्टरच्या अंगणात कपडे वाळू घालून राहिली होती. गाडी भिंतीले लागून उभी. मले पाहून म्हणे, "या. मी वाटच पाहून राहिली होती तुमची."

"माही?"

"तुमी तपासाले येणार होते ना? काकांचा फोन आलता, दवाखान्यातून. त्या दिवशी टाकी घेऊन आली ना, त्याच संध्याकाळी. म्हणे मंगेश येऊन पाहून जाईन, तोवर टाकी अर्ध्याच्या खाली येऊ नोको देजो. दररोज भरून ठेवते मी." मंग हातातलं कापड तसंच धरून म्हणे, "गेले म्हणे ते. मले काल समजलं."

मी गाडीच्या सीटवर बसलो.

मंग काम केलं. टाकी काढली, सारं पेट्रोल कॅनमधी काढून घेतलं, अर्धा लिटर आत टाकलं. झुला नव्हता तर ताईची बाज उलटी केली अन् विटा लावून कलवली. खाली बादली. चढ लावला, धार नीट आली. डावी नीट. उजवी नीट. उतार लावला. धार आली, बारीक झाली, थेंबावर आली, थांबली. मी टाकी हलवली तर समोरच्या बाजूले खळखळ आवाज. पेट्रोल आत होतं, काका. तोंडापाशी नव्हतं.

ताई बादलीकडं पाहत म्हणे, "म्हणजे त्या दिवशी हे केलंच नव्हतं."

"नाही."

"मंग पिप्यात..."

"तोंडानं केलं मी ते."

ती म्हणे, "या चार-पाच दिवसांत मी घाटानं तीन चकरा मारल्या."

मी म्हणलं, "टाकी भरलेली होती म्हणून..."

"काकांनं सांगतलं म्हणून भरलेली होती," ती म्हणे. "तुमी सांगतलं म्हणून नाही."

तिनं दोरीवरचा शेवटचा कपडा झटकला, चिमटा लावला अन् म्हणे, "मी बसनं जाईन तोवर. नीट करून आणा."

दोन दिवस मी एकटाच दुकानात होतो. बूड कापून काढलं. पहिला पत्रा तिसऱ्या बोटावर फाटला. मी फाटलेल्या पत्र्याकडं पाहून हसलो, काका, कारण ज्याले मी भ्यालो होतो ते एवढंसंच होतं. पत्रा फाटला, बस. दुसरा घेतला. तुमचा लहाना हातोडा घेतला, ज्याचा दांडा तुमच्या अंगठ्यानं एका जागी खोल झाला आहे. माहा अंगठा तथी बरोबर नाही बसत, थोडा मांग येते. ठोकलं, गरम केलं, थांबलो. थांबणं सगळ्यात कठीण आहे, हे तुमी कधी सांगतलं नाही. चौथं बोट संध्याकाळी उतरलं. झुल्यावर चारही बाजू झाल्या. मंग पातूरले नेऊन बसवली, अर्धाच लिटर टाकून मी सोता घाट उतरलो. तीनही वळणं. गाडीनं हूं का चूं नाही केलं. खाली ताई बसच्या थांब्यावर उभी होती. तिनं चाबी घेतली अन् म्हणे, "आता तुमचा नंबर द्या." मी दिला.

तुमच्या जलदान विधीले मी अमरावतीले आलो. पांढरा शर्ट घातला, मेणबत्ती लावली. भंतेजींच्या मांग सगळे म्हणून राहिले होते तसंच मी बी म्हणलं, कोणाचीबी नक्कल नाही केली. लोकं गेल्यावर काकूपाशी बसलो अन् सारं सांगून टाकलं. पिपा, धार, शर्ट, दोन बोटं, सारं.

काकू म्हणे, "मालूम आहे ना बाप्पा."

"काय मालूम आहे?"

"फोन ठेवला अन् हे हसाले लागले. असे हसले का नर्स पळत आली, तिले वाटलं काही झालं. मले म्हणे, पोट्टा पिप्यात मुंडकं घालून पेट्रोल सांडून राहिला. मी म्हणलं, तुमाले कसं समजलं? तर म्हणे, धार बढिया काढली त्यानं. पण मधात दम घेते. पेट्रोल दम नाही घेत."

काकू समोर सांगत गेली. "मी म्हणलं, मंग लावा फोन, झाडा त्याले. तर म्हणे, मी झाडीन तर तो माह्यासाठी झुला देईन. मी किती दिवस पुरणार? त्यानं त्या ताईसाठी दिला पायजे. अन् मले म्हणे, ताईचा नंबर लावून दे."

"काकू, अन् मी गेलोच नसतो तर?"

"तेच मी बी इचारलं. तर म्हणे, पोट्ट्याले लाज उशिरा येते. पण येते."

मंग काकूनं तुमचा फोन आणून माह्या हातात दिला. तुमच्या फोनमधी सगळे कॉल आपोआप साठवले जातात, हे ना तुमाले माहीत होतं ना मले. नातवानं धुंडून काढलं होतं. काकू म्हणे, ऐक. मी तुमच्यासारखा उजवा कान लावला. माही धार ऐकली. खरंच बढिया होती. अन् खरंच मधात दम घेत होती. डावीले एकदा, उजवीले एकदा, उतारावर तीनदा. एवढं साफ ऐकू येते का लहान पोरालेबी समजन. अन् मंग तुमचा तो खोकला.

तो खोकला नव्हता, काका. तुमी हसू दाबून राहिले होते. छातीले नळ्या लावलेल्या, अन् तुमी माह्या नकलेवर हसू दाबून राहिले होते. तीन वर्षं मी तुमाले हसवायची कोशिश केली, कधी हसले नाही. मी म्हणलं, "काका, बरं आहे ना?" अन् तुमी हसू गिळून म्हणलं, "बरं."

मले तुमचा राग बी आला, हे सांगून टाकतो. तुमी ताईले फोन केला म्हणून ती वाचली, पण तुमी माह्यावर एवढा भरोसा ठेवायले नव्हता पायजे. माणसाले एवढं सोडून द्याव का? त्या दिवशी मी दवाखान्यात आलो असतो तर तुमी सांगतलं असतं का झाडलं असतं, का नुसतं मधलं बोट दाखवून ठोकाले लावलं असतं? याचं उत्तर आता मले कोणी देणार नाही. मी बडनेऱ्याच्या वळणावर पाय टेकवून उभा होतो, तथून तुमी थोडेसेच समोर होते.

काकू निघताना म्हणे, "यांचा आवाज काढून दाखव ना एकदा." मी काढला. "उंऽऽ, पाव लिटर कमी सांगून राहिला तू." काकूनं डोळे मिटून ऐकलं अन् म्हणे, "हसलेलं नाही जमत तुले." खरं आहे. ते रेकॉर्डिंग मी माह्या फोनमधी घेतलं, पंचवीसदा ऐकलं अन् पंचवीसदा करून पाहिलं. ते दाबलेलं हसू माह्या गळ्यातून निघत नाही.

दुकान चालू आहे, काका. सुई माह्या खिशाले आहे. पुढच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेणार नाही. आज एका दूधवाल्याची टाकी झाली. तो बाहेर बाकावर बसून घाई करून राहिला. टाकी झुल्यावर बांधली आहे, अर्धा लिटर टाकलं आहे, चढ झाला, डावी झाली, उजवी झाली. आता उतार लावला अन् टाकीकडं पाठ करून, कागद भिंतीले लावून, हे शेवटचं लिहून राहिलो. मांग पिप्यात धार पडून राहिली. मी मधात दम घेतो. ती नाही घेत.